बिबो फेरीबोटीवर चढेना

चोडण, रविवार

प्रिय शुभे,

आधी हसून घे. ‘कानांच्या मदतीला गावठी कुत्रा कसला शिकवतेस, लॅब्रॅडोर घे’ म्हणून तू किती भांडली होतीस! काल बिबोनं फेरीबोटीवर पाय ठेवला नाही.

घरात तो पक्का तयार आहे गं. कुकरची शिटी झाली, दारावर थाप पडली की गुडघ्याला नाकानं ढोसतो आणि तिथवर नेऊन सोडतो. कानाचं यंत्र काढून ठेवलं की त्याच्यावरच भिस्त. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चोरिसांच्या, म्हणजे गोव्याच्या सॉसेजच्या, माळांखालून मान वर न करता चालला. (मी एवढी सभ्य नाही.) हॉटेलात टेबलाखाली पडून राहिला, शेजाऱ्याची भजी पायाशी पडली तरी नजर माझ्याकडे. म्हटलं, जमलं!

आणि रायबंदरला जायला उभे राहिलो, तर बोटीची लोखंडी फळी धक्क्यावर आपटली. शेपूट पोटात, कान मागे, जांभयांवर जांभया. उकडलेलं चिकन नाकाला लावलं, तर तोंड फिरवलं. बिबो आणि चिकन नाही! ओढून नेला असता तर उद्या धक्क्याच्या वाटेलाही गेला नसता. परत फिरले. पणजीचं काम राहिलं ते राहिलं.

आता आवाज अंधुक येईल आणि तो चिकन खाईल, इतक्या लांब बसायचं. खाल्लं तर चार पावलं पुढे. पण शुभे, काही कुत्री कितीही हुशार असली तरी बाहेरच्या गडबडीची नसतात. दुसऱ्या कुणाचा असता तर ‘घरीच ठेव’ म्हणून मोकळी झाले असते. याच्या बाबतीत जीभ रेटत नाही. त्याच्यासाठी की मला एकटीनं पणजीत जायची भीती वाटते म्हणून, देव जाणे.

अमेरिकेत अपंगांसाठीच्या १९९० च्या कायद्यामुळे घरी शिकवलेला मदतनीस कुत्राही दुकानात, हॉटेलात चालतो. दुकानदाराला दोनच प्रश्न विचारता येतात: अपंगत्वामुळे लागतो का, आणि काम काय करतो? इथे एकच प्रश्न, ‘चावता रे?’ पुढचं सगळं कंडक्टरच्या मर्जीवर.

माझं बीपी ठीक. तुझ्या सूनबाईंची बदली झाली का? घराचा रंग संपला? सविस्तर लिही.

चवथीला येशील तेव्हा बिबोला हाक मारू नकोस, बिस्किटं तर मुळीच नकोत. चितळ्यांची बाकरवडी माझ्यासाठी, आणि ती बॅगेतच ठेव.

तुझी,
मंदा