आम्हाला वर्षातला एक रविवार हवा आहे

मा. मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

मी मुलुंडला राहते, बँकेत नोकरी करते आणि गेली सात वर्षे सायकल चालवते. दर हिवाळ्यात एका रविवारी आम्ही मुंबई-ठाण्यातले सायकलवाले शंभर किलोमीटरची एक राइड काढतो. पहाटे साडेचारला नरिमन पॉइंटहून निघायचे, माहीम कॉजवेवरून वांद्रे, तिथून पश्चिम द्रुतगती मार्गाने दहिसर, काशीमिरा, वरसावे, मग घोडबंदर रस्त्याने ठाणे, पूर्व द्रुतगती मार्गाने शीव, दादर आणि शेवटी परळ. प्रत्येकाने आपापल्या ओळखीच्यांकडून किलोमीटरमागे दहा, वीस, जमेल तेवढे रुपये कबूल करून घेतलेले असतात. जमलेला सगळा पैसा परगावाहून कर्करोगाच्या उपचारांसाठी मुंबईत येणाऱ्या मुलांच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या राहण्या-जेवणावर खर्च होतो.

परळच्या फुटपाथवर प्लास्टिक अंथरून, औषधांच्या पिशव्या उशाला घेऊन झोपलेली कुटुंबे आपण पाहिली असतील. केमोचे एक सत्र झाले की पुढच्या सत्रापर्यंत मधे दोन-तीन आठवडे जातात. गाव मराठवाड्यात किंवा खानदेशात असले तर तेवढ्यासाठी परत जाणे परवडत नाही, आणि पोराच्या अंगातली ताकद गेलेली असताना गर्दीच्या गाडीतून त्याला नेणेही बरे नाही. मुंबईत खोली घ्यायची तर रोजचे भाडे त्यांच्या आठवड्याच्या कमाईएवढे. त्यांना एक खोली, गॅस आणि स्वच्छ पाणी मिळाले, तरी अर्धवट सोडलेले उपचार पूर्ण होतात. मी हे ऐकीव सांगत नाही. दोन वर्षे आमच्या राइडचा हिशेब मी लिहिते, कोणत्या पैशात कोणाची किती दिवसांची सोय झाली ते माझ्या वहीत आहे.

मागणी सरळ आहे. वर्षातून एक ठरलेला रविवार, पहाटे चारपासून, या मार्गावरची डावीकडची एक लेन सायकलींसाठी राखून ठेवा. आणि परवानगीसाठी एक खिडकी द्या, एकच.

हे पत्र थेट आपल्याला लिहिण्याचे कारण मार्गातच आहे. नरिमन पॉइंट ते दहिसर मुंबई पोलिसांची हद्द. दहिसर ओलांडले की मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय. घाट उतरून गायमुखला आलो की ठाणे पोलीस. मुलुंडला पुन्हा मुंबई. महापालिकाही तीन. शंभर किलोमीटरमध्ये आमच्या मुलांना सहा दारांत अर्ज द्यावे लागतात, आणि प्रत्येक दारात आधी विचारले जाते, ‘बाकीच्यांची परवानगी आणली का?’ पहिल्याने दिल्याशिवाय दुसरा देत नाही, दुसऱ्याने दिल्याशिवाय तिसरा देत नाही. या सगळ्यांना एका टेबलाशी बसवू शकेल असे राज्यात एकच पद आहे.

गेल्या खेपेला एका कार्यालयाचे पत्र आमच्या हाती पडले ते शनिवारी रात्री नऊ वाजता. तोवर केळ्यांचे पैसे दिलेले, टेम्पो ठरलेले, कल्याण-डोंबिवलीची पोरे सायकली घेऊन मुक्कामाला दक्षिण मुंबईत आलेली. पत्रात लिहिले होते: एका रांगेत चालवावे, वाहतुकीस अडथळा होऊ नये, जबाबदारी आयोजकांची. बंदोबस्ताचा शब्द नव्हता. आणि बंदोबस्त मागायचा तरी कोणाकडे, रात्री नऊनंतर?

त्या राइडला मी सायकलवर नव्हते. माझी ड्यूटी गायमुख घाटात होती.

चार वेळा मी ही राइड केली आहे आणि तीन वेळा स्वयंसेवक म्हणून रस्त्यावर उभी राहिले आहे. खरे सांगायचे तर उभे राहणे जास्त अवघड. सायकलवर असताना आपल्यापुरता रस्ता दिसतो: पुढच्याचे मागचे चाक, तांबडा दिवा, चेंबरची जाळी. उभे राहिलो की येणारा प्रत्येक जण दिसतो, आणि त्याच्या मागून काय येते आहे तेही. अंगात रिफ्लेक्टरचे जाकीट, गळ्यात शिट्टी, हातात लाल कापड, पायाशी पाण्याचे कॅन, इलेक्ट्रॉल, केळी आणि राजगिऱ्याच्या चिक्कीचा डबा. पंप आणि दोन जादा ट्यूब पिशवीत. घोडबंदरची ती पहाट एरवी फार सुंदर असते. राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूने ओला, गार वास येतो, खाली खाडी दिसत नाही पण असते, आणि अंधारातून एकेक दिवा लुकलुकत वर चढत येतो. चढ चढणाऱ्याचा श्वास दिव्याच्या आधी ऐकू येतो.

त्याच वेळी त्याच रस्त्याने उरणच्या बंदरातून गुजरातकडे जाणारे आणि तिकडून येणारे कंटेनर चाललेले असतात. दिवसा अवजड वाहनांना वेळेचे बंधन असते, म्हणून पहाटेच्या आत शहर ओलांडायची त्यांची घाई असते. त्यांचाही दोष नाही. ड्रायव्हर रात्रभर जागा असतो, घाटातल्या वळणावर त्याला डावीकडची सायकल दिसायला हवी तेव्हा दिसत नाही.

सहा वाजून वीस मिनिटांनी एक मुलगी उतारावरून आली. वय चोवीस-पंचवीस, पहिलीच सेंच्युरी, म्हणजे शंभर किलोमीटरची पहिलीच राइड. डांबराचे दोन थर जिथे जुळतात तिथे रस्त्याच्या लांबीच्या दिशेने एक खाच पडली होती, जेमतेम दोन बोटे रुंद. मोटारीच्या चाकाला ती जाणवतही नाही. सायकलचा टायर मात्र पंचवीस-अठ्ठावीस मिलिमीटरचा असतो, तो तिच्यात बरोबर बसतो आणि मग हँडल वळत नाही. ती उजवीकडे पडली, रस्त्याच्या बाजूला. मागे टँकर होता. मी लाल कापड घेऊन रस्त्यात धावले आणि जिवाच्या आकांताने शिट्टी वाजवली. टँकर थांबला. किती अंतरावर, ते मी इथे लिहीत नाही, तिची आई हे पत्र वाचेल.

कॉलरबोन मोडले होते. ती रडत नव्हती, सारखे विचारत होती, ‘काकू, माझे पंचेचाळीस किलोमीटर धरणार ना?’ तिच्या ऑफिसातल्या लोकांनी किलोमीटरमागे पैसे कबूल केले होते. आमची रुग्णवाहिका वरसाव्याच्या चौकात उभी होती, जेमतेम काही किलोमीटरांवर. तिला पोचायला चाळीस मिनिटे लागली, कारण थांबलेल्या टँकरमागे तोवर घाट भरून गेला होता. मी रस्त्याकडेला बसून तिचा हात छातीशी धरून ठेवला होता. माझी बहीण परिचारिका आहे, एवढे तिच्याकडून शिकले होते.

एक लेन राखलेली असती तर ती त्या खाचेत पडली असती, पण तिच्या मागे टँकर नसता. आणि रुग्णवाहिका त्याच लेनमधून सहा-सात मिनिटांत आली असती.

साहेब, लोकांची गैरसोय होईल हा आक्षेप मला माहीत आहे, आणि तो मी हलका मानत नाही. रविवारीही कोणाला विमान गाठायचे असते, कोणाला कामाची पाळी असते. म्हणून आम्ही अख्खा रस्ता दिवसभर बंद करा असे म्हणत नाही. सायकलींचा जथा पुढे सरकतो तसा बंदोबस्त पुढे सरकवता येतो. ताशी वीसच्या वेगाने जाणारे साडेसहाच्या सुमारास दहिसरच्या आसपास असतात, सगळ्यात हळू जाणारे त्यांच्यानंतर तासाभराने. शेवटच्या स्वारामागे आमची स्वीपची गाडी असते. तिच्यात मेकॅनिक असतो आणि थकलेल्यांना बसायला जागाही. ती गाडी गेली की मागची लेन लगेच खुली करावी. कोणत्याही एका ठिकाणी दीड-दोन तासांपेक्षा जास्त वेळ लेन अडत नाही. घोडबंदरवर एवढेच करायचे की त्या पहाटे कंटेनर तेवढे दोन तास अलीकडे-पलीकडे थोपवून धरायचे.

आणि या शहराला रविवारी जुळवून घेणे शिकवावे लागत नाही. दर रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो. शनिवारच्या पेपरात वेळ छापून येते, लोक वाचतात, लग्नाला अर्धा तास आधी निघतात. त्रास होतो, पण त्याची वेळ आणि जागा आधी कळलेली असते आणि कारण पटलेले असते. आम्हाला नेमके तेच हवे आहे. शनिवारी रात्री नऊला हातात पडलेल्या पत्राने आम्हीही काही जाहीर करू शकत नाही आणि रिक्षावाल्यालाही काही कळत नाही.

मुंबई मॅरेथॉन २००४ पासून होते आहे. दर जानेवारीत तिच्यासाठी रस्ते बंद होतात, वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून हजारो लोक धावतात, आणि तिच्यातून सामाजिक संस्थांना मोठी देणगी मिळते. याच सेतूवर एरवी पायी जायला बंदी आहे, तशी सायकललाही आहे. म्हणजे नियमाला वर्षातून एका दिवसाचा अपवाद करण्याची रीत आपल्याकडे आहेच. सायकलींना ती पहाट मिळाली, तर निघाल्यावर लगेच लागणारे दादर-माहीमचे अरुंद रस्ते आणि कॉजवे टाळून आम्ही थेट वांद्र्याला उतरू. किनारी रस्ता आणि सेतू मिळून ते अंतर सायकलवर साधारण पाऊण तासाचे आहे. हे मात्र मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवते. सेतू नाही मिळाला तरी चालेल, घोडबंदरची लेन मिळाली पाहिजे.

माझा चुलतभाऊ अमेरिकेत जर्सी सिटीला असतो. नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये मे महिन्याच्या पहिल्या रविवारी शहराच्या पाचही भागांतून जाणारी चाळीस मैलांची, म्हणजे चौसष्ट किलोमीटरची राइड असते. १९७७ साली ती अडीचशेच्या आसपास लोकांनी सुरू केली. आता तीस हजारांवर लोक असतात, आणि त्या रस्त्यांवर त्या वेळी एकही मोटार नसते. शेवटी व्हेराझानो नावाचा प्रचंड झुलता पूल येतो. एरवी त्यावर सायकल नेता येत नाही, त्या दिवशी त्याचा एक मजला सायकलींचा असतो. राइडच्या पैशातून शहरातल्या मुलांना आणि मोठ्यांना सायकल चालवायला फुकट शिकवतात. भाऊ दोन वर्षे तिथे मार्शल होता. मी त्याला विचारले, पोलिसांना फोन किती करावे लागले? त्याला प्रश्नच कळला नाही. त्याला फक्त कोपरा नेमून दिला होता, आणि तिथे तो पहाटेपासून उभा होता.

आम्ही आज तीनशे-साडेतीनशे आहोत. घरातून ‘घोडबंदरला जायचे नाही’ असे बजावले गेल्यामुळे नाव परत घेणारे दरवर्षी किमान तेवढेच असतात, आणि त्यांत मुली जास्त. त्या आईबापांना मी फोन करते, समजावते. गेल्या वर्षीच्या त्या पहाटेनंतर मात्र कोणालाही ‘काही होत नाही, पाठवा’ असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तरी मी येत राहते, ते परळमुळे. चौथ्या राइडला मी पोचले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. हिंदमाताजवळ सिग्नलला पाय टेकला तेव्हा मांडीत गोळा आला होता. धर्मशाळेच्या फाटकाशी एक बाप उभा होता, परभणीकडचा. कडेवर सहा-सात वर्षांचा मुलगा, डोक्यावर केस नाहीत, तोंडाला मास्क. मुलाने माझ्या सायकलच्या घंटीकडे बोट दाखवले. मी सायकल त्याच्याजवळ नेली. त्याने आधी एकदा वाजवली, बापाकडे बघितले, मग थांबेचना. मागून येणारा प्रत्येक जण त्याच्यासमोर थांबून त्याला आपली घंटी वाजवू देत होता. ज्यांच्या सायकलला घंटी नव्हती, ते पुढच्या वर्षी लावून आले. बापाने मला विचारले, ‘ताई, एवढ्या लांबून आलात, तुमचं कुणी आहे का इथं ॲडमिट?’ मी नाही म्हटले. तो काही बोलला नाही. आत जाऊन माझ्यासाठी तांब्याभर पाणी घेऊन आला.

आमच्याकडे मार्गाचा नकाशा तयार आहे. प्रत्येक चौकात किती वाजता पहिला स्वार येतो आणि किती वाजता शेवटचा जातो, याची तीन वर्षांची नोंद आहे. एकशे दहा स्वयंसेवक आहेत, त्यांतले चाळीस जण प्रथमोपचार शिकलेले आहेत. बॅरिकेड वाहून न्यायला, लावायला, उचलायला आम्ही माणसे देऊ, रस्त्यावरची केळ्यांची साले आणि बाटल्या आजवर आम्हीच उचलत आलो आहोत. आपण सहा कार्यालयांची एक बैठक घ्यावी, तिला आम्हाला अर्धा तास बोलवावे, आणि पुढच्या हिवाळ्यातला एक रविवार दिवाळीच्या आत ठरवून द्यावा.

झेंडा दाखवायला कोणाला बोलवायचे, यावर आमच्यात दरवर्षी चर्चा होते. मला तसे आमंत्रण द्यायचे नाही. त्या पहाटे सहा ते सात, एक तास, आपण गायमुख घाटातल्या त्या वळणावर माझ्याशेजारी उभे राहावे अशी विनंती आहे. जाकीट आणि शिट्टी मी आणते.

आपली नम्र,
मुलुंडची एक सायकलस्वार आणि स्वयंसेविका