रंगभूषेची पेटी बंद ठेवल्याबद्दल: जॅक हॉफसिस यांना पत्र

प्रिय जॅक हॉफसिस,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही, अमेरिकन नाट्यदिग्दर्शक, आणि ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवी दोघंही २०१६ सालीच गेलात. तो जानेवारीत, तुम्ही सप्टेंबरात. तेव्हा हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी ते उघड लिहितो आहोत, कारण बोवीच्या नटपणाचा हिशेब मांडताना लोक चित्रपटांवरच थांबतात: १९७६ चा परग्रहवासी, १९८६ चा पिशाच्चांचा राजा, २००६ चा निकोला टेस्ला. मधल्या १९८० साली तुमच्या ‘द एलिफंट मॅन’ या नाटकात त्याने काढलेले पाच महिने त्या हिशेबात सहसा येत नाहीत. त्या प्रयोगाचं पूर्ण चित्रीकरण कुठे पाहायला मिळत नाही, हाती लागतात ते काही मिनिटांचे तुकडे. आमच्या मते त्या पाच महिन्यांत तो नट झाला, आणि ते तुमच्यामुळे.

बोवी तुमच्याकडे आला तेव्हा तेहेतीस वर्षांचा होता. शरीराचं शिक्षण त्याला मिळालेलं होतं. १९६७ मध्ये तो लिंडसे केम्प यांच्याकडे माइम शिकला आणि त्याच वर्षाच्या शेवटी त्यांच्या मंडळीबरोबर ऑक्सफर्डला रंगमंचावर उभाही राहिला. पण ते बिनशब्दांचं काम. चित्रपट-दिग्दर्शक निकोलस रोग यांनी त्याला परग्रहवासी केलं तेव्हा त्याचा मूळचा परकेपणाच कॅमेऱ्यासमोर ठेवला. चित्रपट उत्तम झाला, पण तिथे त्याला दुसरं कोणी व्हावं लागलं नाही. त्यानंतर बर्लिनमध्ये केलेला जिगोलोचा चित्रपट साफ पडला. नामवंत अभिनेत्री मार्लेन डीट्रिशबरोबर काम करायला मिळेल म्हणून गडी तयार झाला, आणि तिचे प्रसंग पॅरिसला वेगळे चित्रित झाल्यामुळे दोघांची गाठसुद्धा पडली नाही. गायक एल्व्हिस प्रेस्लीच्या बत्तीस चित्रपटांचा मिळून एक, अशी थट्टा पुढे बोवी स्वतःच करत असे.

अशा माणसाला तुम्ही न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर चालू असलेल्या ‘द एलिफंट मॅन’ची मुख्य भूमिका देऊ केलीत. नाटक बर्नार्ड पॉमरन्स यांचं, अंग विद्रूप झालेल्या जोसेफ मेरिक या खऱ्या माणसावरचं. १९७९ मध्ये त्यासाठी दिग्दर्शनाचा टोनी पुरस्कार घेतलात तेव्हा तुम्ही अठ्ठावीसचे होता. नाटक जोरात होतं, फिलिप अँग्लिम यांनी मूळ भूमिका गाजवलेली होती. नाव विकण्यासाठी गायक घेतला, असंच सगळे म्हणणार होते. न्यूयॉर्कच्या समीक्षेत ही शंका आधी मांडून लगेच मागे घेतली गेली.

आमचा पहिला आभार रंगभूषेबद्दल, म्हणजे ती नसल्याबद्दल. जोसेफ मेरिकचं (नाटकात तो जॉन आहे, त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर ट्रीव्ह्ज यांनी आठवणींत नाव चुकवलं आणि ते तसंच चिकटलं) डोकं घेरात छत्तीस इंच होतं, उजवं मनगट बारा इंच, एक बोट पाच इंच. लंडन हॉस्पिटलात १८९० मध्ये तो वारला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. हे शरीर खोटं लावून दाखवू नये, दाखवणं जितकं हुबेहूब तितकं नाटकावरचं लक्ष उडेल, असं पॉमरन्स यांनी संहितेच्या सुरुवातीलाच बजावलंय. अट लेखकाची, पण नामांकित चेहरा हाती आल्यावरही ती जशीच्या तशी पाळली ती तुम्ही. ३ ऑक्टोबर १९८० रोजी, बोवीचे प्रयोग चालू असतानाच, मेरिकवरचाच एक चित्रपट अमेरिकेत लागला. त्याचा नाटकाशी संबंध नव्हता. तिथे मेरिक करणाऱ्या जॉन हर्ट यांना चित्रीकरणाच्या दिवशी सात-आठ तास रंगभूषेच्या खुर्चीत बसावं लागे. तुमच्याकडे कमरेला एक पांढरं वस्त्र, हातात काठी, बस्स.

व्याख्यानाचा प्रवेश ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. ट्रीव्ह्ज खऱ्या मेरिकची छायाचित्रं पडद्यावर दाखवत एकेक अवयवाचं वर्णन करतो. बाजूला नट सरळ, निरोगी उभा आहे. वर्णन जसं पुढे सरकतं तसा तो एकेक अवयव वाकवत जातो आणि वर्णन संपेपर्यंत समोर मेरिक उभा असतो. प्रेक्षकाला घडण दिसलेली असते, म्हणून पुढे दोन तास तो वाकडेपणा स्वतःच भरून घेतो. रंगभूषेने हे साधत नाही, कारण तिथे करण्यासारखं काही त्याच्याकडे उरत नाही.

आता त्या वाकण्याविषयी. हा प्रवेश तालमीला घेणारे बहुतेक नट मानेपासून सुरुवात करतात, कारण वर्णन डोक्यापासून सुरू होतं. तिथेच घोटाळा होतो. मान आधी वाकवली की गळा आवळतो, खांदे तिला सावरायला वर चढतात आणि चार प्रयोगांत आवाज बसतो. दिसायला डोकं आधी गेलं तरी आत तयारी खालून हवी. मेरिकचा डावा खुबा लहानपणच्या पडण्यानंतर बिघडलेला होता, म्हणजे तो त्या पायाने लंगडत असे. म्हणून भार उजव्या पायावर, डाव्या पायाचा टेकू नावापुरता, काठी डाव्या हातात. ओटीपोट किंचित तिरकं झालं की पाठीचा कणा आपोआप वळतो, आणि मान त्या वळणाच्या टोकाला नुसती ठेवायची असते, ओढून धरायची नसते. उजवा हात कडक केला तर दहा मिनिटांत पेटका येतो. तो जड करायचा, ओल्या वाळूच्या पिशवीसारखा, खांद्यातून लोंबता. डावा हात मात्र नाजूक आणि नेमका, कारण मेरिकचा तोच हात शाबूत होता.

हीच गोष्ट प्रवेशागणिक विसरली जाते. नाटकभर मेरिक चर्चची प्रतिकृती बांधत असतो, एका हाताने. तुकडा निसटला की नटाचा उजवा हात झेलायला पुढे येतोच! एका क्षणात सगळं कोसळतं. उपाय साधा आहे: तुकडे खाचेत बसणारे करायचे, गोंदाच्या भरवशावर राहायचं नाही, आणि तालमीत उजवा हात महिनाभर कमरेला पट्ट्याने बांधून ठेवायचा. दुसरी चूक कोनाची. टबातला प्रवेश झाला, बसणं-उठणं झालं, की वाकण दोन-तीन अंशांनी सैल होत जाते आणि शेवटच्या प्रवेशापर्यंत मेरिक जवळजवळ बरा झालेला असतो. नजर कुठे पडते ते प्रत्येक जागी ठरवून ठेवलं तर डोकं मूळ कोनात परत येतं.

आणि पाठ. आठवड्याला आठ प्रयोग, रोज त्याच बाजूला वळण. ज्याला पाठीचा जुना त्रास आहे त्याने ही भूमिका घेऊ नये आणि ज्याने घेतली त्याने डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, असं लेखकानेच लिहून ठेवलंय. नाटकांच्या पुस्तकात अशी सूचना आम्ही दुसरीकडे वाचलेली नाही. प्रयोगाआधी सरळ ताण, प्रयोगानंतर उलट्या बाजूचा ताण, तोही लगेच, मेकअपरूममध्ये शुभेच्छा स्वीकारत बसण्याआधी. सर्वांत अवघड जागा शेवटाला आहे. विसाव्या प्रवेशात बसून झोपलेल्या मेरिकला स्वप्नातल्या बायका इतर माणसांसारखं आडवं करतात आणि तो डोक्याच्या भाराने मरतो. दोन तास पिळलेलं अंग इथे एकदम मोकळं सोडायचं असतं, आणि गोळा येतो तो नेमका तेव्हाच. प्रेक्षागृह निःशब्द असतं, हलायची सोय नसते.

बोवीने हे कसं केलं असेल त्याचा माग थोडाफार लागतो. लंडन हॉस्पिटलच्या संग्रहालयात जाऊन त्याने मेरिकच्या अवयवांचे प्लास्टरचे साचे, त्याची टोपी, झगा आणि हाताने केलेलं ते छोटं चर्च पाहिलं होतं. केम्पकडचं माइम त्याच्या अंगात होतंच. त्याचा आवाज ऐकला की काम कळतं: उंच, फाटका, तोंडाच्या एका कोपऱ्यातून येणारा. जबडा एका बाजूला सरकवला की प, ब, म आधी जातात, कारण ओठ मिळत नाहीत. मग नट ओठ मिळवायला जातो आणि तोंड सरळ होतं. तुकड्यांत त्याची वाक्यं स्पष्ट कळतात आणि तोंडही वाकडंच राहतं. वाक्याच्या शेवटी तो थोडा थांबतो, जणू पुढचा शब्द उचलायला जड आहे. गायकाचा श्वास इथे उपयोगी पडला असणार.

गायकाच्या बाकीच्या सवयी मात्र आड येतात. मायक्रोफोनच्या सवयीने आवाज जवळच्या जवळ टाकला जातो, पाचव्या रांगेपलीकडे पोहोचत नाही. गाणारा माणूस समोर बघतो, प्रतिसाद घेतो, त्यावर पुढची ओळ टाकतो. मेरिकला समोर बघताच येत नाही. शिवाय एंट्रीची टाळी. आपल्याकडे नट विंगेतून दिसला की टाळी पडते, तसं बोवीच्या चाहत्यांनी न केलं तरच नवल. नाटक इथे मदतीला येतं, कारण पहिल्या काही प्रवेशांत मेरिक जवळजवळ बोलतच नाही. टाळीनंतर पकडायला वाक्य नसेल तर टाळी आपसूक विरते. तुम्ही त्याला थेट न्यूयॉर्कात उभं केलं नाही, हेही शहाणपणाचं. जुलैअखेरीस डेन्व्हर, ऑगस्टात शिकागो, मग २३ सप्टेंबर १९८० ला बूथ थिएटर, जेमतेम आठशे खुर्च्यांचं. त्याचा नवा अल्बम अकराच दिवसांपूर्वी बाजारात आला होता. दुसरा कुठलाही गायक दौऱ्यावर निघाला असता. हा रोज संध्याकाळी पंचेचाळिसाव्या रस्त्यावर पाठ पिळत होता. ८ डिसेंबरला त्याच शहरात त्याचा मित्र जॉन लेनन मारला गेला. बोवीने ३ जानेवारी १९८१ पर्यंतचे ठरलेले प्रयोग पुरे केले.

मराठी वाचकाला हे सगळं परकं वाटू नये. मुंबईच्या रॉक मंडळींतले नंदू भेंडे अलेक पदमसींच्या इंग्रजी रॉक-नाटकात जूडास गायले आणि पुढे १९७८ मध्ये पु. लं.च्या ‘तीन पैशाचा तमाशा’त, जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली, गायक, संगीतकार आणि नट असे तिन्ही झाले. पण तिथे गाणं सोबतीला होतं. तुम्ही बोवीकडून गाणं काढून घेतलंत. संगीत होतं ते चेलोचं, आणि ते दुसरं कोणी वाजवत होतं.

परिणाम लगेच दिसला. १९८२ मध्ये बीबीसीवर ॲलन क्लार्कच्या दिग्दर्शनाखाली त्याने जर्मन नाटककार ब्रेख्तच्या ‘बाल’ नाटकाचा नायक केला, दात किडलेला, अंग न धुणारा, हातात बँजो. तुमच्या नाटकात प्रवेशांची शीर्षकं आधी दाखवली जात, ती ब्रेख्तचीच रीत, तेव्हा ही वाट त्याच्या पायाखालची होती. जपानी दिग्दर्शक नागिसा ओशिमा यांनी त्याला ब्रॉडवेवर मेरिक करताना पाहिलं आणि जपान्यांच्या ताब्यातल्या युद्धकैद्यांच्या छावणीवरच्या चित्रपटात घेतलं. त्यात तुमच्या शिकवणीचा दाखला आहे. कोठडीतला कैदी मृत्युदंडाला नेण्याआधी रिकाम्या हातांनी दाढी करतो, चहा पितो: वस्तरा नाही, कप नाही. हे केम्पचं माइम, पण त्यातली घाई नसणं तुमच्याकडचं. आणि शेवटी तो मानेपर्यंत वाळूत पुरलेला आहे. बूथमध्ये त्याच्याकडे चेहऱ्याची मदत नव्हती, नुसतं शरीर होतं. इथे शरीरच नाही, नुसता चेहरा, आणि तो चेहरा काहीही न करता पडदा धरून ठेवतो. त्याच्या सगळ्या पडद्यावरच्या कामांत आम्ही हे पहिलं मानतो. पुढच्या बऱ्याच भूमिका (येशूचा निवाडा करणारा रोमन सुभेदार पाँटियस पायलट, चित्रकार अँडी वॉरहॉल, टेस्ला) छोट्या आहेत, आणि ज्या जमल्या त्या त्याला स्थिर उभं राहू दिल्यामुळे जमल्या. जिथे दिग्दर्शकाने त्याला नुसतं झळकवलं, तिथे तो शोभेचाच राहिला.

१९८५ च्या अपघातानंतर तुम्ही चाकाच्या खुर्चीतून नाटकं बसवत राहिलात, त्याबद्दल वेगळं लिहायला हवं, ते इथे दोन ओळींत उरकत नाही. १९८२ मध्ये अँग्लिमना घेऊन तुम्ही हेच नाटक दूरचित्रवाणीसाठी केलंत, त्याचेही आभार. बोवीचा मेरिक पाहता येत नाही त्यांना निदान तुमची चौकट पाहता येते. वाकायचं कसं हे शिकणाऱ्याने त्यातला व्याख्यानाचा प्रवेश आवाज बंद करून एकदा आणि चित्र झाकून एकदा, असा दोनदा पाहावा-ऐकावा.

आपले ऋणी,
रंगमंचावर शरीराचं काम शिकणारे-शिकवणारे आम्ही काही जण

ता. क. आभार एकट्या तुमचे मानून मायकेल मॉशन यांना विसरलो तर अन्याय होईल. १९८६ च्या चित्रपटात राजाच्या बोटांवरून काचेचे गोळे फिरतात, ते हात बोवीचे नाहीत. मॉशन त्याच्या पाठीमागे दडून, त्याच्या बाह्यांतून हात पुढे काढून, काहीही न दिसता ते फिरवत होते. गोळा निसटला की पुन्हा पहिल्यापासून.