'आपोआप' कुणाचं होतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

संस्थेत वाढलेल्या दत्तक मुलांच्या बोलण्याविषयीचा कालच्या पुरवणीतला लेख दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचला तो राग नक्की कशाचा आला हे कळावं म्हणून. राग आला 'आपोआप' या शब्दाचा. भरपूर माया द्या, भाषा आपोआप येईल, असं लेखक एका परिच्छेदात सांगतात आणि पुढच्याच परिच्छेदात दोन वर्षांच्या वयानंतर भाषेचं दार बंद होतं म्हणून मोकळे होतात. म्हणजे आधी काही करायला नको आणि नंतर काही करून उपयोग नाही. पालकांची चांगलीच सोय झाली.

आमची मुलगी घरी आली तेव्हा 26 महिन्यांची होती. मोजून सहा शब्द. त्यातले चार हुकूम: चला, बसा, उठा, गप. बाहुलीलाही ती 'बसा' म्हणायची. नातेवाईक कौतुकाने म्हणाले, काय गुणी पोर आहे, बाहुलीलासुद्धा अहो-जाहो करते! आदर कसला डोंबलाचा. तिच्या एकटीशी कुणी फारसं बोललंच नव्हतं. सगळ्या पोरांना मिळून जे सांगितलं जायचं, ते अनेकवचन ती सोबत घेऊन आली होती. 'माझं' हा शब्द यायला पुढे सात महिने लागले. सांभाळणाऱ्या बायकांना मी बोल लावत नाही. दोन हात, डझनभर पोरं, ड्यूटी बदलली की माणूस बदललं. अशात एकेका बाळाच्या हुंकाराला हुंकार कोण देणार?

तर 'आपोआप'. आमच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं. "बोलेल हो, घाई काय आहे?" मी ऐकलं, आणि 11 महिने गेले. मग एका स्पीच थेरपिस्टकडे गेलो. तिने आधी कान तपासून आणायला पाठवलं. दोन्ही पडद्यांमागे पाणी साचलेलं! संस्थेतून आलेलं मूल, बोलण्यात मागे असणारच, हे सगळ्यांनी इतकं गृहीत धरलं होतं की कान बघायचं कुणाला सुचलंच नाही. मलाही नाही. ते 11 महिने मला अजून टोचतात, आणि काल तुम्ही ते पुन्हा टोचलेत.

आता 'बंद दारा'विषयी. रुमानियातल्या बुखारेस्टच्या अभ्यासाचा दाखला लेखकांनी दिला आहे, तो खोटा नाही. तिथल्या संस्थांमधल्या 136 मुलांपैकी निम्मी चिठ्ठ्या टाकून कुटुंबांत पाठवली गेली. वयाच्या 15 महिन्यांच्या आत घर मिळालेल्यांची भाषा बरोबरीच्या मुलांइतकी झाली, 24 महिन्यांनंतर गेलेली मात्र संस्थेतल्या मुलांइतकीच मागे राहिली. पण ही मोजणी झाली मुलं 30 आणि 42 महिन्यांची असताना. उशिरा गेलेल्यांना घरात येऊन तेव्हा कितीसे दिवस झाले होते? एवढ्यावर जन्माचा निकाल लावायचा? ब्रिटिश बालमनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी इंग्लंडमध्ये दत्तक आलेल्या रुमानियातल्या मुलांना वर्षानुवर्षं पाहिलं. त्यात वयाच्या दीड वर्षानंतर आलेल्यांपैकी ज्यांना येताना निदान आवाजांची नक्कल करता येत होती, त्यांची पुढे भाषाही बरी झाली. लेखात हे कुठे आहे? की पुरवणीत जागा फक्त गजांमागच्या रडक्या बाळाच्या फोटोलाच होती?

मुलगी आता 9 वर्षांची आहे. गप्पांत कुणाला ऐकत नाही. अडतं ते 'जरी-तरी', 'त्याऐवजी', 'वगळता' असे शब्द आले की, तेही बहुधा गणिताच्या उदाहरणांत. वरवर अस्खलित बोलणाऱ्या मुलांना शाळेतली भाषा जड जाते, हा खरा विषय होता. त्यावर लेखात अवाक्षर नाही.

आणि हो, रविवारच्या बालपानावरच्या शब्दकोड्याचं उत्तर दोन आठवडे छापलेलं नाही. आडवा 7 अडला आहे आणि घरात मला रोज जाब विचारला जातो. तेवढं कृपया बघावं.

आपली,
एक वाचक (आणि आई)