खपलीचा पाव ग्लूटेनमुक्त नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी ग्लूटेनमुक्त, म्हणजे ग्लूटेन हे गव्हातले चिकट प्रथिन नसलेला, पाव करण्याची कृती आली आहे. विषय घेतलात याचे बरे वाटले. पण कृतीच्या शेवटी ‘ज्वारीचे पीठ नसल्यास खपलीचे चालेल’ असे एक वाक्य आहे. ते तातडीने दुरुस्त करावे, आणि कोपऱ्यात बारीक टायपात नव्हे, कृती जिथे आली तिथेच. खपली हा गहूच आहे. जुना वाण असेल, पचायला हलका म्हणत असतील, आमच्या सांगलीकडे सणाला त्याचीच खीर लागते. तरी ग्लूटेन त्यात असतेच. दलिया, रवा, शेवया यांचेही तेच, आणि जवाचेही.

माझ्या नातीला सिलिअ‍ॅक आहे. गहू पोटात गेला की तिच्या शरीराची संरक्षक यंत्रणा तिच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उठते, अन्नरस शोषणारे उंचवटे झिजतात. पोर जेवते, पण अंगी लागत नाही. लोहाची औषधे देऊनही रक्त वाढेना, तेव्हा डॉक्टरांनी टीटीजीची, म्हणजे या दुखण्यात वाढणाऱ्या प्रतिपिंडांची, रक्ततपासणी करायला सांगितली आणि कारण कळले. इथे एक सांगून ठेवते : संशय आला म्हणून तपासणीआधीच गहू बंद करू नये. रक्तातली प्रतिपिंडे कमी होतात आणि दुखणे असूनही अहवाल चांगला येऊ शकतो.

वजन उतरवायला गहू सोडणाऱ्यांशी माझे भांडण नाही. पण त्या हौसेमुळे ‘एखादा घास चालतो हो’ असे म्हणणारे वाढले आहेत. आपल्याकडच्या नियमानुसार ग्लूटेनमुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये. यात एखादा घास कुठे बसतो?

आता पावाकडे. आपल्या कृतीत पीठ दहा मिनिटे मळून, फुगल्यावर दाबून हवा काढून पुन्हा फुगवायला सांगितले आहे. ही मैद्याची रीत झाली. मळल्याने ग्लूटेनची जाळी तयार होते. ज्वारी-तांदळात ग्लूटेनच नाही, मग दहा मिनिटे मळून हात दुखतील, एवढेच. आणि एकदा काढलेली हवा या पिठात पुन्हा नीट भरत नाही. फुगवायचे ते एकदाच, आणि तेही साच्यात घालून, कारण साच्याच्या भिंतींचा आधार लागतो.

जाळीचे काम इसबगोल करते. पोट साफ व्हायला घेतात तेच, औषधाच्या दुकानात मिळणारे. मात्र साधे, बिनसाखरेचे घ्यावे. पाण्यात भिजले की त्याचा चिकट लगदा होतो आणि यीस्टने सोडलेला वायू त्यात अडकून राहतो. माझे प्रमाण असे : ज्वारी आणि तांदळाचे पीठ प्रत्येकी 150 ग्रॅम, कॉर्नफ्लोर 100 ग्रॅम, इसबगोल 20 ग्रॅम, यीस्ट 7 ग्रॅम, थोडे मीठ, साखर, तेल, चमचाभर व्हिनेगर आणि साधारण 400 मिलिलिटर पाणी. पाणी फार वाटेल, पण घालावे. पीठ इडलीच्या पिठाहून घट्ट आणि थालीपिठाच्या गोळ्याहून सैल व्हायला हवे. तांदूळ बारीक दळलेला नसेल तर पाव खाताना रवाळ कचकच लागते.

ज्वारीच्या पिठातले थोडे पीठ आधी उकळत्या पाण्यात, त्या 400 मधल्याच, उकडून घेतले तर पावाचा भुगा होत नाही. भाकरी थापणाऱ्या बाईला याचे कारण विचारायची गरज नाही. पीठ जुने झाले, विरी म्हणजे चिकटपणा गेला की तीही आधणाचेच पाणी घालते. ही उकड कोमट झाल्यावरच यीस्ट घालावे, नाहीतर ते मरते. ओटीजीत 200 अंशांवर जवळजवळ तासभर लागतो. बाहेर काढल्यावर जाळीवर ठेवून पूर्ण गार होऊ द्यावा. गरम असताना आतला स्टार्च बसलेला नसतो, सुरीला चिकट गर लागतो आणि पाव कच्चा राहिला असे उगाच वाटते. हा पाव लवकर शिळा होतो, म्हणून मी त्याच दिवशी काप करून फ्रीझरमध्ये टाकते.

एवढे केले तरी खरी अडचण ओट्यावर नाही, गिरणीत आहे. आपल्या आधी कुणीतरी गहू दळून गेलेला असतो आणि आपली ज्वारी त्याच जात्यातून खाली येते. गव्हाचे ते पीठ चाळून वेगळे होत नाही. ज्यांना परवडते ते घरघंटी घेतात आणि तिला गहू लावत नाहीत. बाकीच्यांनी काय करायचे? घरात परात, चाळण, साचा वेगळा ठेवता येतो. बाजारच्या हिंगात बऱ्याचदा मैदा असतो, मेतकुटात आणि भाजणीत गहू असतो, हेही एकदा कळले की सांभाळता येते. ज्वारी ब्रेड, नाचणी ब्रेड म्हणून मिळणाऱ्या पाकिटामागे पहिला घटक मैदा निघाला तर पाकीट परत ठेवता येते. गिरणी मात्र आपल्या हातात नाही.

2023 हे वर्ष जगाने भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, आपल्या देशाच्याच पुढाकाराने. ज्वारी खा, असे सगळ्यांनी सांगितले. ती कुठे दळायची ते कुणी सांगितले नाही. सांगलीत, मिरजेत, आसपासच्या तालुक्यांत कोणत्या गिरणीत ज्वारी-तांदळासाठी वेगळे जाते आहे, एवढे आपल्या वार्ताहरांनी विचारून पत्त्यांसकट छापावे. शक्य झाल्यास आठवड्याचा एखादा वार पहाटे जाते धुवून-पुसून आधी ज्वारी दळायला कोण तयार आहे, हेही विचारावे. दर थोडा जास्त पडला तरी आम्ही देऊ.

आपली,
एक वाचक आजी, सांगली