बार मी ढिला केला, राजा

हिंगणघाट तालुका,
२१ मे, रात्र

प्रिय राजा,

दिवाळीपासून तुझे तीन फोन आले. तिन्ही वेळा 'संध्याकाळी करतो' म्हणून ठेवले आणि केलाच नाही. त्याची माफी आधी मागतो. आईची साखर ताब्यात आहे, माझी पाठ बरी आहे, बाकी घरचे मजेत. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो, कारण हे इथे कोणाला सांगण्यात अर्थ नाही.

काल पहाटे मी गाडीचा मागचा बार, वळणात गाडी कलू न देणारी ती सळई, ढिला केला. दादाच्या पोट्ट्याला न सांगता. आणि दुसऱ्याच फेरीला त्यानं ओळखलं.

आता तू कागद खाली ठेवला असशील. ठेव. पण मग परत उचल, कारण मला तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला विचारताच येत नाही.

गाडी गेल्या दसऱ्याला बाहेर काढली. एवढी वर्षं गोठ्याच्या बाजूला ताडपत्रीखाली होती, सीटच्या फोममध्ये उंदरांनी तीन पिढ्या काढल्या. पोट्ट्यानंच मागे लागून काढायला लावली. आता बाविशीचा झाला आहे, हात-पाय सगळे दादाचे. हसतो तेव्हा आई उठून आत जाते. त्यानं कारबोरेटर स्वतः उघडून साफ केला, ब्रेकचे रबर बदलले, आणि एक दिवस म्हणाला, "काका, हे समोरून काऊन ओढते? स्टेअरिंग फिरवलं तरी नाक बाहेरच जाते." तुझंमाझं भांडण ज्यावरून सुरू झालं होतं, तोच प्रश्न. तुझं म्हणणं, मी वळणात जास्त वेगानं घुसतो आणि मग घाबरून स्टेअरिंग आणखी फिरवतो, त्यानं समोरचे टायर घासत जातात. माझं म्हणणं, स्प्रिंग चुकली.

तर ऐक, स्प्रिंग चुकलीच होती. मार्चमध्ये समोरच्या दोन्ही शॉकअपच्या दांड्याला ग्रीसचं बोट फिरवलं आणि दहा फेऱ्या मारून पाहिलं. ग्रीस वरच्या रबरापर्यंत पुसलेलं, आणि रबराच्या खालच्या कडेला काळी रिंग उमटलेली. म्हणजे वळणात बाहेरचं चाक दबत दबत रबराला जाऊन टेकत होतं. तिथे स्प्रिंगचं काम संपलं आणि रबराचं सुरू झालं. रबर दगडासारखं कडक, मग समोरची पकड एकदम जाणार नाही तर काय होणार? सहा वेढ्यांतला एक कापायचा सल्ला कोणाचा होता ते मी लिहीत नाही. स्प्रिंग पाचव्या हिश्शानं ताठ झाली हे खरं, पण गाडी इतकी खाली बसली की दबायला जागाच उरली नाही. आता पूर्ण लांबीच्या, जरा ताठ स्प्रिंगा टाकल्या. उंची दोन बोटं वाढली, दिसायला पूर्वीचा रुबाब नाही, पण नाक वळतं. हा एक गुण माझा. तुझा गुण पुढे येतो.

कापसाचा हंगाम सरला की जिनिंगचं आवार मोकळं असतं. आपल्या रस्त्यांवर गाडी जोखणं शक्यच नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचं डांबर लाटांसारखं होतं, कोणता धक्का रस्त्याचा आणि कोणता गाडीचा ते कळत नाही. आवारात सिमेंट आहे, सपाट. मधे खुंटी ठोकून १५ मीटरच्या दोरीनं फक्कीचं वर्तुळ आखलं, कबड्डीच्या मैदानासारखं. गाडीचा मध्य त्या रेषेवर धरून फिरायचं आणि घड्याळ लावायचं. एक फेरी ८.४ सेकंदांत म्हणजे ताशी ४० च्या आसपास. ऐकायला बैलगाडी वाटते, पण आत बसलेल्या माणसाची मान बाहेर खेचली जाते. सरकी भरायला आलेला एक जण कठड्यावर बसून तासभर पाहत होता. शेवटी मला म्हणाला, "भाऊ, याले रस्ता सापडून नाई राहिला का?"

वजन जिनिंगच्याच काट्यावर केलं. पूर्ण गाडी ८१० किलो, आणि नुसती समोरची चाकं काट्यावर चढवली तर ५००. म्हणजे शंभरातले बासष्ट किलो पुढेच. पोट्ट्यानं बॅटरी उचलून डिकीत नेली, पुन्हा काट्यावर चढवली. काटेवाला वैतागला, पण चहावर मानला. कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर झुकाव, गवंड्याच्या ओळंब्यानं मोजला. रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेत सहा मिलिमीटरचा फरक आला की साधारण एक अंश. समोर दोन अंश आत झुकवलंय. टायरची बाहेरची कड आता पूर्वीसारखी लोकरी होत नाही. हवा पहाटे २८ भरली तर फेऱ्या मारून टायर तापले की ३२-३३ होते, म्हणून आता गरम टायरचाच आकडा वहीत लिहितो. थंड टायरचे आकडे घेऊन आपण दोन वर्षं भांडलो, ते सगळे कागद मी चुलीत घातले.

एवढं सगळं छान चाललं होतं, म्हणूनच माझी झोप उडाली.

समोरची पकड परत आली तेव्हा मागची बाजू मोकळी झाली. मागचा बार तोच, आपण लेथवाल्याकडून करून घेतलेला. १८ की २० वर तू मी आठवडाभर बोललो नव्हतो, आणि लेथवाला म्हणाला होता, "दोन मिलिमीटरनं काय होते बाप्पा." जाडी चौथ्या घातानं काम करते, २० चा बार १८ पेक्षा दीडपट ताठ, हे त्याला कोण सांगणार! त्यात लिंक, म्हणजे बारचं टोक चाकाशी जोडणारा तुकडा, सगळ्यात आतल्या होलमध्ये. बारची दांडी २० सेंटिमीटरची १६ झाली की पुन्हा दीडपटीच्या वर. समोरचं नाक ओढत होतं तेव्हा हा ताठपणा आपल्याला हवाच होता. आता नाक ओढत नाही, आणि बार मात्र तसाच.

पोट्ट्यानं मला विचारलं होतं की बारनं वजन कमी होतं का. मी त्याला जू दाखवलं. बाबा दुबळ्या बैलासाठी काय करायचे आठवतं ना? नाडा मधून थोडा तगड्या बैलाकडे सरकवायचे. ओढ तेवढीच, वाटणी बदलते. वळणात वजन बाहेरच्या चाकांवर किती जाणार हे गाडीची उंची, चाकांमधली रुंदी आणि वेग ठरवतात. बार फक्त वाटणी करतो. मागचा बार ताठ केला की मागचं बाहेरचं चाक जास्त ओझं घेतं, आणि त्याची पकड आधी संपते. पोट्ट्याला एका वाक्यात कळलं.

एप्रिलच्या शेवटी तो भर वळणात होता. एक कुत्रं आवारात शिरलं, त्यानं गॅसवरचा पाय झटक्यात उचलला. वजन समोर गेलं, मागची चाकं हलकी झाली आणि गाडी गर्रकन फिरली. थांबली तेव्हा मागचा बंपर आणि सिमेंटचा खांब यांच्यात माझी वीत बसली. मी मोजली. पोट्टा आत हसत होता, राजा. मला मात्र ती रात्र आठवली. कोणती ते तुला सांगायला नको.

त्यानंतर मी रोज बाजूला बसायला लागलो. रस्त्याकडे पाहत नाही, त्याच्या उजव्या गुडघ्याकडे पाहतो. गुडघा दोन बोटं वर आला की पुढच्या क्षणाला मागची बाजू निघते, दर वेळी. हा तुझा गुण. तू तेव्हा म्हणायचा, "तुह्या गाडीत बिमारी नाई, तुह्या पायात आहे," आणि मी स्प्रिंगांची यादी काढायचो. पोट्ट्याला आता तुझेच शब्द शिकवतो आहे. ब्रेक सरळ रेषेत पूर्ण मार, मग जसं स्टेअरिंग फिरत जाईल तसा ब्रेक हळूहळू सोड, एकदम नको. टायरजवळ भाकरी एकच आहे, ब्रेकला अर्धी दिली तर वळायला अर्धीच उरते. मागचं निघालं तर पाय उचलू नको. समोरच्या चाकांनी ओढणारी गाडी आहे, नजर जायचं तिकडे ठेव, स्टेअरिंग तिकडे लाव आणि थोडा गॅस दे, गाडी स्वतःला ओढून सरळ करते. त्याला सगळं तोंडपाठ आहे. पण कुत्रं आडवं आलं की पाठ केलेलं कुठे राहतं?

म्हणून काल पहाटे साडेचारला, तो उठायच्या आत, लिंक बाहेरच्या होलमध्ये टाकली. दोन्ही बाजूंनी. हात थरथरत होते, पाना दोनदा निसटला.

पहिल्या फेरीला तो काही बोलला नाही. दुसऱ्या फेरीत तो नेहमीच्या वेगानं शिरला आणि गाडी वळलीच नाही. चार हात बाहेर गेली, फक्कीच्या रेषेवरून पुसत. घड्याळ ८.७. त्यानं गाडी उभी केली, हेल्मेट काढलं आणि म्हणाला, "मांगची बाजू आज बोलून नाई राहिली, काका. बारले हात लावला का तुमी?"

मी नाही म्हणालो. तोंडावर खोटं बोललो, आजवर त्याच्याशी कधी खोटं बोललो नव्हतो.

तो मोबाइलचा टॉर्च घेऊन खाली सरकला. आपण प्रत्येक बोल्टवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढायचो ना, ती त्यानंही चालू ठेवली आहे. रेघ तुटलेली दिसली. बाहेर आला, चिंधीला हात पुसले, बोटं एकेक करून. चहा पिऊन होईपर्यंत शब्द नाही. मग म्हणाला, "सांगतलं असतं तं म्याच ढिला केला असता. पण न सांगता कराल तं मी कोणच्या गाडीत बसलो हे मले कसं समजन?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तो मागच्या बाजूच्या भरवशावर शिरला होता, आणि ती बाजू मी काढून घेतली होती. आवारात चार हात बाहेर जायला जागा होती. ट्रॅकवर त्या चार हातांत भिंत असली तर? मी त्याला वाचवायला गेलो आणि त्याचा अंदाजच मोडला.

आणि मग दिवसभर मला कोइम्बतूर दिसत राहिलं. २०१२. दादाला जाऊन तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. तू माझ्या नकळत हेच केलं होतंस, हीच लिंक, हेच होल. मी तिसऱ्या फेरीला ओळखलं आणि सगळ्यांसमोर तुला काय काय बोललो. तू एवढंच म्हणालास, "माह्या डोक्यात तुही माय होती." मी ते ऐकलं, पण कानाच्या आत घेतलं नाही. ४०७ वर गाडी टाकून तेराशे किलोमीटर परत आलो, आणि त्या सगळ्या वाटेत तू एकदाच बोललास, ढाब्यावर, मीठ मागायला. मी तेही दिलं नाही, डबी सरकवली. नंतर आपण बोलायला लागलो, पण ती गोष्ट मी कधी काढली नाही. आज काढतो. माझं चुकलं होतं, राजा. न सांगता करणं तुझंही चुकलं होतं, पण ते कुठून आलं होतं हे मला काल साडेचारला पाना हातात असताना कळलं.

आता खरी अडचण. पोळ्यानंतर कोइम्बतूरला सरावाचा दिवस घ्यायचं त्यानं ठरवलंय. करीवर्धन यांनी मारुती ८०० च्या इंजिनावर फॉर्म्युला गाड्या उभ्या केल्या, त्यांच्या नावाचा ट्रॅक आहे, आपल्याजवळ तर तेराशेचं इंजिन आहे, असं आईला समजावत असतो. आई मान हलवते आणि माझ्याकडे पाहते. मी काय करू? बाहेरचं होल ठेवलं तर गाडी आळशी होते, आणि मला ठाऊक आहे की तो वेग भरून काढायला आणखी उशिरा ब्रेक मारेल. आतलं ठेवलं तर एका झटक्यात फिरेल. मधलं होल आहे, मागच्या चाकांना मिलिमीटरभर आतला टो देऊन, म्हणजे त्यांची पुढची कड जरा आत वळवून पाहता येईल, मागची हवा दोन पौंड कमी-जास्त करून पाहता येईल. पण पाऊस आला तर? ओल्या सिमेंटवर अजून एकदाही चालवली नाही. हे सगळं वहीत मांडलं तरी एक गोष्ट मांडता येत नाही. दादाचा पोट्टा आहे म्हणून माझा हात बोल्टवर जातो, की गाडीला खरंच गरज आहे म्हणून? तुला दोन्ही ठाऊक आहेत, गाडी आणि मी.

तुझ्या बदलीचं कळलं. पुणे सोडावं लागणार की नाही ते लिही. लेकीचा दहावीचा निकाल लागला असेल, पेढे पोस्टानं नको, स्वतः घेऊन ये. वहिनींच्या गुडघ्याला आराम पडला का? त्यांना नमस्कार सांग.

आणि जूनमध्ये चार दिवस काढून ये. मृगाचा पाऊस पडला की आवार ओलं मिळेल, ओल्यावर आधी तू चालव, मग तो. टॉर्कचा पाना आण, २०१२ पासून तुझ्याकडेच आहे. पोट्ट्याला मी सगळं सांगितलं, कोइम्बतूरचंही. त्यानं ऐकून घेतलं आणि दोन्ही लिंका सोडवून ठेवल्या. म्हणाला, "मोठे काका येऊ द्या, तिघं मिळून ठरवू." गाडी स्टँडवर आहे. बारची दोन्ही टोकं तारेनं बांधलेली आहेत, बोल्ट आईच्या सुपारीच्या डब्यात.

तुझा

ता. क. सुपारी कुठे गेली म्हणून आई सकाळपासून शोधते आहे.