खांब मोजून संसद कळेल का?

महोदय,

आपल्या ठाणे-नवी मुंबईतल्या शाळांची दिल्ली सहल म्हणजे लाल किल्ला, कुतुबमिनार आणि सरोजिनीनगरची खरेदी. त्यात आता जुन्या संसद भवनाची, म्हणजे संविधान सदनाची माहिती देणारी फेरीही असावी, असे पालक म्हणू लागले आहेत. जरूर असावी. पण परत आलेल्या मुलांना विचारा, दोनच गोष्टी ऐकायला मिळतात: खांब १४४ आणि भगतसिंग-बटुकेश्वर दत्तांचा बॉम्ब.

बॉम्ब पडला त्या दिवशी, ८ एप्रिल १९२९ ला, तेव्हाच्या केंद्रीय विधिमंडळाच्या सभागृहात काय चालले होते, हे कुणी सांगतच नाही. परदेशी कम्युनिस्टांना देशाबाहेर काढण्याचा अधिकार सरकारला देणाऱ्या सार्वजनिक सुरक्षा विधेयकावर सभागृहाचे अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल निर्णय देणार होते. आदल्या वर्षी समसमान मते पडली, तेव्हा त्यांनीच निर्णायक मत विरोधात देऊन ते विधेयक पाडले होते. बॉम्बनंतरही ते बधले नाहीत. कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवरचा मीरत खटला न्यायालयात असताना या विधेयकावर चर्चा होऊ शकत नाही, असे त्यांनी सरकारला बजावले. शेवटी व्हाइसरॉयला वटहुकूम काढावा लागला. एवढे नाट्य सोडून खांब कसले मोजायचे?

आणि यासाठी दिल्लीच गाठायला हवी असेही नाही. ऐरोलीत महापालिकेचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक आहे, तिथे ग्रंथालय आहे. संविधान सभेवर मराठीतून तासाभराची फेरी तिथेच सुरू करता येईल. सुरुवात डिसेंबर १९४६ पासून करावी. नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. मुस्लिम लीग आणि संस्थानांचे प्रतिनिधी येईपर्यंत तो मंजूर करू नये, अशी उपसूचना बॅ. मुकुंदराव जयकरांनी दिली. सभेत कुरबुर झाली. १७ तारखेला बाबासाहेब बोलायला उभे राहिले ते ठराव घाईने रेटू नका हे सांगायला, आणि सभेने ते शांतपणे ऐकून घेतले. ठराव अखेर २२ जानेवारी १९४७ ला मंजूर झाला. सभेतली भाषणे छापील उपलब्ध आहेत. आठवी-नववीच्या मुलांना दोन बाजू वाटून द्या, उतारे मोठ्याने वाचू द्या. मार्गदर्शकाने मध्ये फार बोलूच नये.

खर्च म्हणाल तर निवृत्त शिक्षक आणि कायद्याचे विद्यार्थी यांना थोडे प्रशिक्षण आणि येण्याजाण्याचे भाडे, इतकाच. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला स्मारकात गर्दी होतेच. प्रश्न एरवीच्या शनिवार-रविवारचा आहे. महापालिकेने निदान येत्या शैक्षणिक वर्षात दोन-चार शाळांपुरता प्रयोग करून पाहावा.

— एक निवृत्त शिक्षिका, ऐरोली, नवी मुंबई