लंडन ते पॅरिस: सव्वा तासाच्या भरवशावर राहू नकोस

लंडन

प्रिय मकरंद,
सप्रेम नमस्कार.

काकूंनाही घेऊन येतोयस हे वाचून फार आनंद झाला. पण इथून पॅरिसला विमानानं जायचा बेत मात्र बदल. 'सव्वा तासात पोचतो' असं लिहिलंयस. तो सव्वा तास फक्त विमानाचा आहे रे, तुमचा नाही.

लंडन-पॅरिस सरळ रेषेत अंतर जेमतेम ३४४ किलोमीटर. विमान वर जाऊन स्थिरावतंय तोच उतरायला लागतं. वेळापत्रकातला बराच वेळ जमिनीवरच, धावपट्टीपर्यंत सरकण्यात जातो. परतताना लंडनच्या हीथ्रो विमानतळावर गर्दी असेल तर बोव्हिंगडन, लॅम्बर्न, ऑकम नि बिगिन या चार ठरलेल्या ठिकाणी विमानं घिरट्या घालत ठेवतात. शिवाय हीथ्रो शहराच्या पश्चिमेला, तर तिकडचा शार्ल द गोल विमानतळ पॅरिसच्या ईशान्येला सुमारे २५ किलोमीटरवर. घरून विमानतळ, दोन तास आधी हजेरी, तिकडे पासपोर्टची रांग, सामान, मग शहरात जायची लोकल. साडेपाच-सहा तास सहज होतात, आणि त्यात काकूंच्या गुडघ्यांना चालणं किती!

त्यापेक्षा युरोस्टार ही आगगाडी घे. सेंट पँक्रस ते गार द्यू नोर, दोन्ही स्टेशनं भर शहरात. रुळांवरून अंतर जास्त, सुमारे ४९२ किलोमीटर, तरी साधारण २ तास २० मिनिटांत पोचते. मोकळ्या मार्गावर ताशी ३०० किलोमीटर, इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यात १६०. हा ५० किलोमीटरचा बोगदा १९९४ साली सुरू झाला, त्यातले ३८ किलोमीटर समुद्राखाली आहेत. फ्रेंच पासपोर्ट तपासणी लंडनलाच होते, त्यामुळे पॅरिसला उतरलात की थेट बाहेर. तासदीड तास आधी ये म्हणजे झालं.

मला या मार्गाचं वेड आहे ते त्याच्या इतिहासामुळे. २५ ऑगस्ट १९१९ रोजी लंडन-पॅरिस रोजची विमानसेवा सुरू झाली. हीथ्रोजवळच्याच हाउन्स्लो हीथवरून उडालेलं ते छोटं विमान पॅरिसजवळच्या ल बुर्जे विमानतळावर सुमारे अडीच तासांत पोचलं. शंभर वर्षांनंतर आगगाडी तेवढ्याच वेळात तुला शहराच्या मध्यावर नेऊन सोडते! मला तरी हे विलक्षण वाटतं.

तिकीट बघताना घाबरू नकोस. पॅरिसचं घड्याळ तासभर पुढे, म्हणून वेळा नुसत्या वजा केल्यास तर जाताना ३ तास २० मिनिटं दिसतील आणि येताना १ तास २० मिनिटं. फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा मात्र वेगळा काढ, ब्रिटनचा तिथे चालत नाही. आणि काकूंसाठी व्हीलचेअरची मदत आधीच नोंदव.

उशिरा काढलं तर तिकीट फार महाग पडतं, म्हणून तारखा या आठवड्यातच कळव. काकूंना नमस्कार, वहिनींना आठवण सांग.

तुझा,
सुहास